दोन डिझेल इंजिनं आणि मुंबईची हवा : डायमंड डीए४२ एनजीचे सात महिने

नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत मी डीए४२ एनजी हे डायमंड कंपनीचं दोन डिझेल इंजिनांचं छोटं विमान उडवलं. काम हवाई सर्वेक्षणाचं. सांताक्रूझहून निघायचं आणि वसईच्या खाडीपासून रेवसपर्यंत किनाऱ्याला समांतर फेऱ्या मारत खारफुटी, मिठागरं, वाळूचे दांडे कॅमेऱ्यात घ्यायचे. याआधीचं माझं दोन इंजिनांचं सगळं उड्डाण पेट्रोलवरच्या सेनेका या छोट्या विमानावर झालेलं, त्यामुळे तुलना त्याच्याशीच होणार.

फरक आधी उजव्या हाताला कळतो. सेनेकात सहा दांडे : थ्रॉटल, प्रॉपेलर, मिक्स्चर, प्रत्येकी दोन. इथे फक्त दोन पॉवर लिव्हर. इंधन किती सोडायचं, पात्यांचा कोन किती ठेवायचा, ते फेडेक, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बघतो. एखादं इंजिन गेलं तर त्याचा मास्टर स्विच बंद करायचा, पाती आपोआप फेदर होतात, म्हणजे वाऱ्याला कड देऊन थांबतात. (मात्र मे महिन्याच्या उकाड्यात एका इंजिनावर विमान फार जोमाने चढेल अशी आशा धरू नका. या आकाराच्या कुठल्याच विमानाकडून धरू नये.) उड्डाणाआधी ईसीयूची, म्हणजे फेडेकच्या संगणकांची, चाचणी घ्यायची. बटण दाबून धरलं की ताबा एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातो, पाती कोन बदलतात, आवाज खाली बसतो आणि पुन्हा वर येतो. सीटमधून एक हलका हिसका जाणवतो. आता डावं आणि उजवं इंजिन मी डोळे मिटून त्या आवाजावरून ओळखते.

मुंबईत या विमानाची खरी किंमत कळते ती इंधनात. पेट्रोलवरच्या विमानांचं इंधन, एव्हगॅस, आपल्याकडे वर्षानुवर्षं बाहेरून यायचं आणि त्याच्या पिंपांसाठी आम्ही दिवस दिवस खोळंबलेलो आहोत. हे विमान जेट ए-१ पितं, म्हणजे शेजारच्या एअरबसला लागतं तेच. टँकर येतो, भरतो, जातो. आमच्या नोंदवहीत सर्वेक्षणाच्या संथ वेगाला दोन्ही इंजिनं मिळून ताशी ४० ते ४५ लिटर पडतं. पाच तास हवेत राहूनही टाकीकडे बघत बसावं लागत नाही.

ही कल्पना ऑस्ट्रियातल्या वीनर नॉयश्टाटच्या डायमंड कंपनीची. पहिलं उड्डाण ९ डिसेंबर २००२ ला झालं. २००४ मध्ये हे विमान न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून पोर्तुगालच्या पोर्तोला साडेबारा तासांत, कुठेही न उतरता पोचलं. तेव्हाची इंजिनं थीलर्ट या जर्मन कंपनीची होती. २००८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि विमानमालक सुट्या भागांसाठी हवालदिल झाले. मग डायमंडने ऑस्ट्रो इंजिन ही आपलीच कंपनी पुढे आणली. २००९ मध्ये मान्यता मिळालेलं १६८ अश्वशक्तीचं एई३०० हे मर्सिडीजच्या मोटारीतल्या दोन लिटर डिझेल इंजिनावर बेतलेलं आहे. एनजी म्हणजे हीच इंजिनं बसवलेलं विमान. टेहळणीसाठीची एमपीपी आवृत्ती निघाली, आणि इस्रायलमध्ये याच सांगाड्यावर डॉमिनेटर हे वैमानिकाशिवायचं विमानही तयार झालं. तासन्‌तास कमी इंधनात घिरट्या घालता येतात, म्हणून लोक त्याच्याकडे वळले.

पण फेडेक चालतो विजेवर. हे मी प्रत्येक नव्या सहवैमानिकाला पहिल्याच दिवशी सांगते. मार्च २००७ मध्ये जर्मनीत श्पायरला एका डीए४२ ची बॅटरी उतरलेली होती. दोन्ही इंजिनं बाहेरच्या विजेवर सुरू करून ते निघालं. चाकं वर घेताना व्होल्टेज क्षणभर पडलं, संगणक पुन्हा सुरू झाले आणि दोन्ही पाती फेदर झाली. दोन इंजिनं होती, आणि दोन्ही एकाच क्षणी गेली. त्यानंतर ईसीयूला स्वतंत्र राखीव बॅटऱ्या आल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी आमचीही मुख्य बॅटरी बसली. आदल्या रात्री बाहेरच्या कार्यशाळेने काम आटोपताना एक स्विच चालूच ठेवला होता. ६.४० चा स्लॉट हातात, आकाश महिन्यातलं सर्वांत स्वच्छ, ओहोटी नेमकी हवी तशी.

"मॅडम, जीपीयू लावू आणि निघू. हवेत चार्ज होईल," सहवैमानिक म्हणाला. जीपीयू म्हणजे जमिनीवरून विमानाला वीज देणारं यंत्र.

"नाही. उतर खाली."

तंत्रज्ञ काकांनी काही न बोलता बॅटरी काढली. स्लॉट गेला, पुढची तशी ओहोटी पंधरा दिवसांनी मिळाली, आणि ग्राहकाचा फोन मी स्वतः घेतला. सहवैमानिक दिवसभर गप्प होता. संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी त्याला श्पायरची सगळी हकीकत सांगितली. आता बॅटरीचा आकडा तो माझ्याआधी वाचतो.

उकाड्याबद्दलही सांगायला हवं. समोरची काचेची छत्री मोठी, दृश्य अप्रतिम, पण मे महिन्यात रनवे २७ च्या रांगेत वीस मिनिटं थांबलात तर शर्ट पिळून काढावा लागतो. आमच्या विमानात एसी नाही. टॅक्सी करताना छत्री फटीएवढी उघडी ठेवता येते, तेवढाच आधार. कार्बन फायबरचं अंग गंजत नाही, पण खाऱ्या हवेत स्क्रूंची डोकी तांबूस व्हायला लागतात. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवून घेतो, आणि गिअरबॉक्सच्या तपासणीचे तास मी वेगळ्या वहीत लिहिते.

जुनं डीए४२ विकत घ्यायला निघाला असाल तर रंग आणि सीट नंतर बघा. आधी इंजिनं थीलर्टची आहेत की ऑस्ट्रोची ते विचारा, आणि ईसीयूच्या राखीव बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या ती तारीख कागदावर मागा.