आय-५ १३३५यू की रायझन ५ ७५३०यू? टॅक्स ऑफिसात दोन्ही राबवल्यानंतर

लॅपटॉपच्या या दोन प्रोसेसरांचा निकाल आधीच सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि पीडीएफ एवढंच काम असेल आणि दोन लॅपटॉपच्या किमतीत पाच हजारांहून जास्त फरक असेल, तर डोळे झाकून एएमडीचा रायझन ५ ७५३०यू घ्या आणि वाचलेल्या पैशांतून रॅम वाढवा. एक्सेलमध्ये मॅक्रो (तीच ती कामं आपोआप करणारी छोटी आज्ञावली) चालवत असाल किंवा ऑटोकॅडवर बसत असाल, तर इंटेलच्या आय-५ १३३५यूचे जादा पैसे वसूल होतात. आता सविस्तर.

नाशिकला शरणपूर रोडवर आमचं जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. मी आणि बायको, दोघंही दिवसभर लॅपटॉपवर. पार्ट्या बहुतेक अंबड-सातपूरचे जॉबवर्कवाले, काही ट्रान्सपोर्टवाले, एक-दोन द्राक्षांचे पॅकहाउसवाले. मार्चएंडच्या तोंडावर जुनी यंत्रं दमली म्हणून एकाच कंपनीचं एकच मॉडेल दोन प्रोसेसरांत घेतलं. पडदा, बॅटरी, ५१२ जीबी एसएसडी सगळं सारखं. इंटेलवाल्याला सात हजार जास्त पडले. बिल फर्मच्या नावावर घेतल्यामुळे १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळालं, तेव्हा खरा फरक सहा हजारांच्या आत आला. इंटेल माझ्याकडे, रायझन तिच्याकडे, आणि मधले काही महिने मुद्दाम अदलाबदल. त्यामुळे खालचं मत दोघांचं आहे. जिथे आमचं पटलं नाही तिथे तसं लिहिलंय.

दोन्ही प्रोसेसर जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेले, दोन्ही मुळात १५ वॅटचे, दोघांचेही थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) बारा. दुकानात मात्र 'इंटेल दहा कोअर, एएमडी सहा कोअर' असा हिशेब मांडतात. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. त्या दहांत मोठे कोअर दोनच, बाकीचे आठ छोटे. रायझनचे सहाही एकसारखे. मार्केट यार्डात एका गाळ्यावर दोन पट्टीचे हमाल आणि आठ हाताखालची पोरं, दुसऱ्यावर सहा सारख्या ताकदीचे हमाल, असं समजा. इंटेलचा मोठा कोअर ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, रायझनचा ४.५ पर्यंत. आकडे जवळचे दिसतात, पण रायझनच्या आत झेन ३ ही २०२० मधली रचना आहे. एकेका कोअरच्या जोरात इंटेल स्पष्ट पुढे आहे. उलट कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) रायझनकडे जास्त, १६ एमबी, इंटेलकडे १२.

हा एकेका कोअरचा जोर आमच्याकडे नेमका कुठे लागतो? महिन्याच्या १४ तारखेला टूबी (खरेदीवर मिळणारं जीएसटी क्रेडिट दाखवणारं पत्रक) येतं आणि २० तारखेला थ्रीबी (महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरायचं असतं. मधल्या दिवसांत प्रत्येक पार्टीचं खरेदी रजिस्टर टूबीशी जुळवायचं. बिल नंबर कुणी '००४५७' लिहितो, कुणी '४५७/२४-२५', कुणी मध्ये स्पेस टाकून ठेवतो. हे सगळं साफ करून जीएसटी नंबर, तारीख आणि रक्कम रुपयाच्या फरकाने जुळवणारा एक मॅक्रो मी बनवून घेतलाय. एक्सेलची साधी सूत्रं सगळ्या कोअरवर वाटली जातात, पण मॅक्रो एकाच कोअरवर चालतो. एका हार्डवेअरवाल्याची फाइल प्रचंड आहे. ती इंटेलवर साडेतीन मिनिटांत होते, रायझनवर सव्वाचारच्या आसपास. एका पार्टीपुरतं हे काहीच नाही. पण १७-१८ तारखेला रांगेने फाइली चालवताना कळतं.

इथेच इंटेलची एक खोड आहे, ती कुणी सांगत नाही. मॅक्रो चालू असताना एक्सेल मिनिमाइझ करून पोर्टल उघडलं की मॅक्रो रेंगाळतो. विंडोज ११ मागे गेलेलं काम छोट्या कोअरकडे ढकलतं, त्याचा हा परिणाम. सेटिंग्जमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर टाकल्यावर खूप फरक पडला, आणि आता मी एक्सेलची खिडकी मिनिमाइझ न करता बाजूला लहान करून ठेवतो. रायझनवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे छोटे कोअर नाहीतच. बायकोच्या मते एवढ्या एका कारणासाठी रायझन बरा. मला तसं वाटत नाही. सवय होते.

लांबलचक कामात चित्र पालटतं. इन्कम टॅक्सच्या सीझनला पार्ट्या पिशवी भरून कागद आणून टाकतात. ते स्कॅन करून, त्यांतला मजकूर शोधता येईल अशा पीडीएफ एकदम बनवायला लावतो, तेव्हा सगळे कोअर कामाला लागतात. इंटेल सुरुवातीला जोरात पळतो. ५५ वॅटपर्यंत ओढायची त्याला मुभा आहे, अर्थात लॅपटॉप कंपनी किती ओढू देते त्यावर ते अवलंबून. थोड्या वेळात गरम होऊन गती खाली येते. रायझन पहिल्यापासून शेवटपर्यंत एका चालीने जातो आणि मोठ्या गठ्ठ्यात चार पावलं पुढेच राहतो. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आमच्या डोक्यावर थेट स्लॅब, एसी नाही. तेव्हा हा फरक आणखी वाढला. इंटेलचा पंखा तर 'अहो, आधी तो पंखा बंद करा, पार्टी काय बोलतेय ते ऐकू येत नाहीये' इतका. रायझनचा पंखा फिरतो, पण आवाज सहन होण्यासारखा.

बॅटरीचंही तसंच. वळवाच्या पावसात संध्याकाळी वीज जाते आणि इन्व्हर्टरवर फक्त राउटर नि दिवे आहेत. पोर्टल आणि टॅली असं हलकं काम करताना रायझन इंटेलपेक्षा साधारण तासभर जास्त टिकतो. मात्र चार्जर काढला की रायझन थोडा आळसावतो. मोठी फाइल उघडताना क्षणभर विचार करतो, मग वेग घेतो. इंटेल चार्जरशिवायही चटकन उघडतो आणि तशीच बॅटरी पितो.

आता रॅम, कारण प्रोसेसरवर वाद घालणारे नेमकी हीच गोष्ट सोडतात. दोन्ही लॅपटॉप ८ जीबीच्या एकाच पट्टीवर आले, दुसरा स्लॉट रिकामा. ब्राउझरमध्ये जीएसटी, इन्कम टॅक्स आणि ई-वे बिलाची पोर्टलं, शेजारी टॅली, दोन एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप, एवढ्यावर ८ जीबी संपते. मग कोणताही प्रोसेसर असो, सगळं अडखळतं. दोन्हीत आणखी ८ जीबी टाकली. त्या दिवशी जो फरक पडला तो दोन प्रोसेसरांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. वर इंटेलला एक जास्तीचा फायदा. खोक्यावर आयरिस एक्सई ग्राफिक्स लिहिलेलं असलं, तरी एकाच पट्टीवर विंडोज त्याला नुसतं यूएचडी ग्राफिक्स दाखवतं. दोन पट्ट्या बसल्या की नावही बदलतं आणि जोरही वाढतो. रायझनचं वेगा ग्राफिक्स नाव बदलत नाही, पण दोन पट्ट्यांमुळे रॅमकडे जायची वाट दुप्पट होते, तो लाभ त्यालाही होतोच. गेम आम्ही खेळत नाही, त्याबद्दल बोलत नाही.

व्हिडिओत एक बारकावा आहे. यूट्यूब बरेच व्हिडिओ एव्ही१ या पद्धतीत पाठवतं. ते उलगडायची सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये आहे, वेगामध्ये नाही. तिथे तो भार प्रोसेसरवर येतो. डबा खाताना व्हिडिओ लावला की रायझनचा पंखा जागा होतो तो यामुळे.

'इंटेलच्या तेराव्या पिढीत काहीतरी गडबड होती ना?' असं दोघा-तिघांनी विचारलं. ती २०२४ मध्ये गाजलेली भानगड डेस्कटॉपच्या ताकदवान प्रोसेसरांची होती. लॅपटॉपच्या चिपांना तो त्रास नाही असं इंटेलने सांगितलेलं आहे, आणि माझ्याकडे आजवर एकदाही यंत्र अचानक बंद पडलेलं नाही.

घ्यायला जाल तेव्हा नंबर नीट वाचा. एएमडीच्या या नंबरांत पहिला ७ म्हणजे २०२३ चं वर्ष, रचनेची पिढी तिसऱ्या आकड्यात असते. ७५३०यू म्हणजे झेन ३ आणि सहा कोअर. शेजारीच ठेवलेला ७५२०यू म्हणजे झेन २, चारच कोअर, कॅशे ४ एमबी, आणि त्याची रॅम बोर्डावरच चिकटवलेली, मागून वाढवता येत नाही. सातपूरच्या आमच्या एका पार्टीला 'हाच तो, फक्त थोडा स्वस्त' म्हणून ७५२०यू गळ्यात मारला गेला. टॅलीपुरता चालतो, पण ८ जीबीवर अडकलाय तो अडकलाच. इंटेलकडे उलटी गोष्ट आहे. आधीच्या पिढीचा आय-५ १२३५यू जुन्या स्टॉकमध्ये स्वस्त मिळाला तर बिनधास्त घ्या. तेच दोन मोठे आणि आठ छोटे कोअर, तीच कॅशे, वेग ४.६ ऐवजी ४.४ गिगाहर्ट्झ. रोजच्या कामात ओळखूही येणार नाही.

पुढच्या महिन्यात कामाला एक मुलगी येतेय, तिच्यासाठी तिसरं यंत्र बघतोय. ती एंट्र्या आणि स्कॅनिंग करणार, मॅक्रो माझ्याकडेच राहणार, त्यामुळे ७५३०यू शोधतोय. १२३५यू तेवढ्याच भावात मिळाला तर तोही चालेल. दुकानदाराला फोनवर पहिला प्रश्न एकच विचारतो: रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का? 'बघून सांगतो' म्हणाला की पुढचा नंबर लावतो.