समुद्री टाकीला फिल्टर कोणता? कॅनिस्टर, स्किमर आणि दगड, सांगलीच्या हिशेबाने

सांगली-मिरजेत तीन फुटी समुद्री टाकीसाठी फिल्टर मागितला की दुकानदार बहुधा कॅनिस्टरच पुढे करतो. आरोवाना, फ्लॉवरहॉर्नवाल्यांसाठी तो दुकानात असतोच. गोड्या पाण्यात तो झकास चालतो. खाऱ्या पाण्यात, त्यातही उन्हाळ्यात वीज जाणाऱ्या गावात, आम्ही त्याला शेवटचा नंबर देऊ.

कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. वीज गेली की आतल्या जिवाणूंना मिळणारा प्राणवायू काही तासांत संपतो, ते मरू लागतात आणि पाणी कुजतं. वीज आल्यावर पंप तेच पाणी टाकीत ढकलतो. म्हणून बराच वेळ बंद राहिलेला कॅनिस्टर थेट सुरू करू नये. आधी डब्यातलं पाणी ओतून टाकावं, आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्यात पिळावा, नळाखाली नाही. एरवीही दर पंधरा दिवसांनी तो उघडावाच लागतो, नाहीतर अडकलेला गाळ सडून नायट्रेट वाढत जातं. मागे लटकवायचा फिल्टर उघडा असल्याने त्या मानाने बरा, पण तो दीड-दोन फुटी टाकीपुरताच.

पैसे घालायचे तर संप (मुख्य टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी; पाणी तिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर जातं) आणि प्रोटीन स्किमरमध्ये घाला. खाऱ्या पाण्यात बुडबुडे अगदी बारीक होतात आणि माशांची घाण त्यांना चिकटून वरच्या कपात जमते. कुजून विषारी अमोनिया होण्याआधीच ती बाहेर पडते, हा याचा खरा फायदा. झालेला अमोनिया किंवा नायट्रेट मात्र स्किमर काढत नाही. नवा स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे धड फेस धरत नाही, लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कपाच्या गळ्यावरचा ओशट थर आठवड्याला पुसा; तो साचला की फेस वर चढत नाही. हवेच्या नळीत मीठ धरतं, तिच्यातून महिन्याला कोमट आरओ पाणी सोडा.

संप बसवताना गफलत होते ती परतीच्या पाइपात. तीन बाय दीड फुटाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे साडेदहा लिटर. पाइपाचं तोंड जितकं खोल, तितकं पाणी वीज गेल्यावर उलटं खाली संपात येतं आणि तो भरला की थेट फरशीवर. तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा, संपात वीसेक लिटरची जागा रिकामी सोडा आणि वीज बंद करून एकदा बघाच. स्किमरचा प्लग पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू होणाऱ्या टायमरवर लावा. संपातली पातळी चढलेली असताना तो सुरू झाला तर कपातली घाण उतू जाऊन परत पाण्यात पडते.

अमोनिया पचवायचं काम सच्छिद्र दगडांवरचे जिवाणू करतात. संप असो वा नसो, त्यांना पर्याय नाही. कोरल १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा ‘समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक’ (जिवाणू वसलेला कोरलचा दगड) कोणी देऊ केला तर नको म्हणा. कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड घ्या. तो पिकायला, म्हणजे त्यावर पुरेसे जिवाणू वसायला, चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मासा सोडू नका.

घरच्या आरओचं पाणी चालतं, पण त्यात चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) कॉक असतो. तो पूर्ण बंद करा आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडा. टीडीएस शून्य आला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पंखा लावलेल्या टाकीतून रोज दोन-चार लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची.

इन्व्हर्टरवर सगळं लादू नका. वीज गेल्यावर लागते ती प्राणवायूची सोय: एक छोटा वेव्हमेकर (टाकीतलं पाणी ढवळणारा पंप) पृष्ठभागाकडे तोंड करून चालू राहिला तरी मासे तग धरतात. स्किमर तोवर बंद राहू द्या.