व्हेट टेक्निशियनच्या अभ्यासासाठी फ्लॅशकार्ड: काही महिने वापरल्यानंतर

व्हेटरिनरी टेक्निशियनच्या (म्हणजे पशुवैद्यकाच्या प्रशिक्षित सहाय्यकाच्या) अभ्यासक्रमातला क्लिनिकल भाग पुन्हा पक्का करण्यासाठी मी मोबाइलवरची फ्लॅशकार्ड वापरायला घेतली, त्याला आता बरेच महिने झाले. कार्डांचा एक तयार संच आणि तो ठरावीक अंतराने पुढे करणारं अ‍ॅप, अशी ही जोडी आहे. उत्तर बरोबर आलं की ते कार्ड दर वेळी आणखी लांबच्या दिवशी परत येतं, चुकलं की लगेच समोर येतं. मत आधीच सांगते. आकडे, नावं आणि क्रम डोक्यात टिकवायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही. पण संच जसा मिळाला तसाच पाठ करत राहिलं, तर परीक्षेत गुण मिळतील आणि टेबलावरच्या पेशंटसमोर अडखळायला होईल. कार्ड प्रश्न कसा विचारतं यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

सुरुवातीच्या आठवड्यांत सगळ्यात मोठा फायदा झाला तो ताप, नाडी आणि श्वास या तीन गोष्टींत. कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, घोड्याचं ३७.२ ते ३८.३. मांजराचे ठोके मिनिटाला १४० ते २२०, मोठ्या घोड्याचे २८ ते ४४. वर्गात हे सगळं तक्त्यात वाचलेलं असतं, पण तक्ता वाचणं आणि समोर जनावर असताना आकडा चटकन आठवणं यांत फार अंतर आहे. ते अंतर कार्डांनी खरोखर कमी केलं.

तरी संचाची पहिली मर्यादा इथेच दिसली. प्रत्येक जातीसाठी वेगळं कार्ड, आणि प्रत्येकावर एकच प्रश्न: सामान्य तापमान किती? प्रत्यक्षात असं कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात थर्मामीटर ३९ दाखवतो आणि तुम्हाला ठरवायचं असतं की हे डॉक्टरांना लगेच सांगायचं की फक्त नोंदवायचं. म्हणून मी कार्ड उलटी केली. ‘तापमान ३९ अंश: कुत्रा, मांजर, गाय, घोडा यांपैकी कोणाला ताप आहे?’ उत्तर घोडा. ‘ठोके मिनिटाला ६०’ या कार्डावर तर मी तीन उत्तरं लिहिली: निवांत पडलेल्या मोठ्या कुत्र्यात ठीक, उभ्या असलेल्या शांत घोड्यात काहीतरी बिघडलंय, मांजरात तातडीची परिस्थिती. असं एक कार्ड तयार संचातल्या चार कार्डांचं काम करतं, आणि आकड्याला अर्थही येतो.

दातांच्या क्रमांकांची कार्ड मला जशीच्या तशी आवडली. ट्रायडन पद्धतीत प्रत्येक दाताला तीन अंकी क्रमांक असतो, आणि पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. सुळ्याचा क्रमांक नेहमी ०४ ने संपतो आणि पहिल्या दाढेचा ०९ ने. या दोन खुणा पक्क्या झाल्या की बाकीचे दात मोजता येतात. मांजराला हीच पद्धत लावताना गोंधळ होतो, कारण कुत्र्याचे ४२ दात आणि मांजराचे ३०, त्यामुळे मधले काही क्रमांक गायब असतात. मांजराच्या वरच्या उजव्या सुळ्यामागचा दात १०५ नसून १०६ असतो. दाढेपासून मागे मोजत यायचं ही सवय कार्डांमुळेच लागली. इथे चित्र असलेली कार्डच घ्या, नुसत्या मजकुराची उपयोगाची नाहीत.

रक्ताच्या नळ्यांचा विभागही चांगला होता, पण तो मी बराच वाढवला. झाकणाच्या रंगावरून ओळखायचं: निळी सायट्रेटची, लाल साधी, हिरवी हेपॅरिनची, जांभळी ईडीटीएची (सायट्रेट, हेपॅरिन आणि ईडीटीए रक्त गोठू देत नाहीत), आणि भरण्याचा क्रमही तोच. क्रम पाठ होतो, पण तो तसाच का आहे हे संचात नव्हतं. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि नळीत ते बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. त्याचा थोडा अंश जरी दुसऱ्या नळीत गेला, तरी अहवालात पोटॅशियम खूप वाढलेलं आणि कॅल्शियम खूप घटलेलं दिसतं. माझं कार्ड असं आहे: ‘कुत्रा ठणठणीत, पोटॅशियम प्रचंड, कॅल्शियम अगदी कमी. आधी काय तपासाल?’ उत्तर: नमुना कसा घेतला ते. हे कळल्यावर नळ्यांचा क्रम वेगळा पाठ करावा लागला नाही.

आता भूल. माझ्या मते टेक्निशियनच्या कामातला हा सगळ्यात जबाबदारीचा भाग, आणि तयार संच सगळ्यात तोकडा पडला तोही इथेच. कार्ड विचारतं: शस्त्रक्रियेला योग्य पातळीवर कुत्र्याचा डोळा कुठे असतो? उत्तर: खाली आणि आतल्या बाजूला वळलेला. बरोबर आहे. पण भूल हलकी असतानाही डोळा मध्यभागी असतो आणि फार खोल गेली तरी तो परत मध्यभागी येतो. म्हणजे डोळा मध्ये दिसला, एवढ्यावरून जनावर जागं होतंय की बुडतंय हे कळत नाही. पापणीला स्पर्श केल्यावर ती मिटते का, जबडा किती सैल आहे, ठोके आणि रक्तदाब कोणत्या दिशेने चाललेत, हे एकत्र पाहावं लागतं. त्यात केटामीन हे भुलीचं औषध दिलं असेल तर डोळा मध्येच राहतो आणि पापणीची हालचालही टिकून राहते, म्हणजे या दोन खुणांवरचा भरवसा कमी करायचा. एका ओळीच्या कार्डात हे मावत नाही.

यावर मी कार्डांच्या साखळ्या केल्या. पहिल्या कार्डावर पेशंट, औषधं आणि आत्ताचे आकडे. दुसऱ्यावर तोच पेशंट पाच मिनिटांनी: सरासरी रक्तदाब ६० मिलिमीटरच्या खाली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड ५५ च्या वर. प्रश्न एवढाच की आता हात कुठे जायला हवा आणि तोंडातून पहिलं वाक्य कोणतं निघायला हवं. कार्बन डायऑक्साइडची नेहमीची पातळी ३५ ते ४५, हे पाठ असणं गरजेचंच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. वाढला असेल तर श्वास अपुरा आहे का, की यंत्रातलं सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे दाणे) संपलंय? सोडा लाइमचा रंग बदलतो हे संचात होतं. यंत्र काही वेळ बंद राहिलं की तो रंग परत पांढरट होऊ शकतो, हे नव्हतं. सकाळी पांढरे दिसणारे दाणे ताजे आहेत असं समजणारे विद्यार्थी मी पाहिलेत. पॉप-ऑफ व्हॉल्व्हचं (भुलीच्या यंत्रातला जादा वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचं) कार्ड तर मी मुद्दाम वारंवार येईल असं ठेवलंय. तो बंद राहिला तर यंत्रणेतला दाब चढत जातो, फुप्फुसं फाटू शकतात, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. उत्तर कितीही पक्कं झालं तरी ते कार्ड मी लांब जाऊ देत नाही.

हिशोबासाठी मात्र फ्लॅशकार्ड वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. कारण सोपं आहे: तिसऱ्यांदा तेच कार्ड आलं की आपण गणित करत नाही, उत्तर आठवतो. ‘२० किलोचा कुत्रा, ८ टक्के डिहायड्रेशन, २४ तासांत भरून काढायचं.’ तूट १.६ लिटर, रोजची गरज किलोला ५० मिलि धरली तर १ लिटर, एकूण २.६ लिटर, म्हणजे तासाला सुमारे १०८ मिलि. मिलिला १५ थेंब पाडणारा सलाइनचा सेट असेल तर मिनिटाला साधारण २७ थेंब. हे २७ माझ्या डोक्यात कायमचे बसलेत आणि त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे कार्डावर मी आता फक्त पद्धत ठेवते आणि वजन दर वेळी स्वतः नवीन घेऊन कागदावर करते. टक्क्यांचं कार्ड मात्र ठेवण्यासारखं आहे: २ टक्के म्हणजे १०० मिलिमध्ये २ ग्रॅम, म्हणजे लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या २ टक्के द्रावणात दर मिलिला २० मिलिग्रॅम. आणि इन्सुलिनच्या सिरिंजचं. यू-४० (मिलिला ४० युनिट) आणि यू-१०० (मिलिला १०० युनिट) यांची अदलाबदल झाली की डोस अडीच पटीने चुकतो. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर जनावराला १० नाही, २५ युनिट जातात. हे कोणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे.

औषधशास्त्रात तयार कार्ड तुटक होती. एकावर मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये, दुसऱ्या विभागात हिरड्यांच्या रंगांचा तक्ता, तिसऱ्यात विषबाधेवरची औषधं. मी ती एकत्र बांधली. मांजराच्या यकृतात हे औषध ग्लुकुरोनाइड जोडून निकामी करण्याची क्षमता फार कमी असते, त्यामुळे घातक घटक साचतो, हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं रूप) होतं, हिरड्या तपकिरी दिसतात, चेहरा आणि पंजे सुजतात, उतारा म्हणून एन-असिटिलसिस्टीन देतात. तपकिरी हिरड्या दिसल्या की मालकाला कोणता प्रश्न विचारायचा, हे त्या एका कार्डातून सुचतं. मांजरांसाठी पर्मेथ्रिन (पिसवांवरचं औषध) आणि लिलीची झाडं, कुत्र्यांसाठी झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ), या विषारी गोष्टींचीही अशीच कार्ड केली.

परजीवी आणि क्ष-किरण हे विभाग ठीकठाक. अंड्यांची छायाचित्रं चांगली होती, दोन्ही टोकांना बूच असलेलं चाबूकजंताचं अंडं आता चुकत नाही. क्ष-किरणांत उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की तीव्रता एक चतुर्थांश होते, इतपत गोष्टी येतात. छायाचित्रासाठी जनावराला कसं ठेवायचं हे टेबलापाशीच शिकावं लागतं.

वेदना ओळखण्याचा विभाग संचात जवळजवळ नव्हताच आणि ही मोठी उणीव आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली मांजरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी कार्डांसाठी अगदी योग्य आहे: कानांची ठेवण, डोळ्यांचं आकसणं, नाका-तोंडाभोवतीचा ताण, मिशा, डोक्याची उंची, प्रत्येकाला ० ते २ गुण. पेशंट स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने दुखणं नोंदवणारं माणूस बहुतेक वेळा टेक्निशियनच असतं. हा विभाग स्वतःचा बनवायला वेळ गेला तरी चालेल.

सीपीआरच्या (हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि श्वास देण्याच्या) कार्डांवर वर्ष लिहायची सवय लावा. मिनिटाला १०० ते १२० दाब, दोन मिनिटांची फेरी, नळी घातलेली असेल तर मिनिटाला १० श्वास, हा गाभा आहे. पण प्राण्यांच्या सीपीआरसाठीच्या ‘रिकव्हर’ या उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचना २०१२ मध्ये आल्या आणि २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. कार्ड कोणत्या आवृत्तीवरून केलंय हे मागे लिहिलेलं नसेल, तर जुनी गोष्ट तितक्याच आत्मविश्वासाने पाठ होत राहते.

अ‍ॅपबद्दल थोडंसं. क्लिनिकच्या पाळ्या सुरू झाल्या की उजळणी साचते आणि थकलेल्या संध्याकाळी शेकडो कार्डांचा ढीग समोर येतो. त्या काळात नवीन कार्ड पूर्ण बंद ठेवायची आणि साचलेली थोडी थोडी उरकायची, हे मला जमलं. उत्तर मोठ्याने बोलून मगच कार्ड उलटणंही फार उपयोगी पडलं, कारण मनातल्या मनात ‘हो, येतं मला’ म्हणून पुढे जाणं फार सोपं असतं. ‘सोपं’ हे बटण मी जवळजवळ वापरत नाही. त्याने कार्ड एकदम फार लांब जातं.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी संच जसा आहे तसा सुरू करायला सांगेन. क्लिनिकमध्ये जायला लागलेल्यांनी रोज पाहिलेल्या एका पेशंटवरून एक कार्ड स्वतः लिहावं, आणि त्याच विषयाची दोन-तीन तयार कार्ड काढून टाकावीत. परीक्षा अगदी तोंडावर असेल तर मात्र नवीन संच उघडू नका. अंतर वाढवत नेण्याचा फायदा मिळायला मुळात तेवढे दिवस हातात लागतात. त्यापेक्षा जुने प्रश्न सोडवा आणि जे चुकतील तेवढ्यांचीच कार्ड करा.