ऑपरेशन कोणी करून घ्यायचं: तिने की त्याने?

दोन मुलं झाली, तिसरं नको हे दोघांनाही पटलेलं आहे. पण ऑपरेशन कोणाचं, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. बाळंतपणात 'तिचं उरकूनच टाकू' असं कोणीतरी वडीलधारं म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची झालेली असं सांगणाऱ्या अवघ्या ०.३ टक्के. एवढी तफावत वैद्यकीय कारणांनी पडत नाही.

पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत अंडकोशाच्या पिशवीवर भुलेचं इंजेक्शन देतात, बारीकसं छिद्र पाडून दोन्ही शुक्रवाहिन्या बांधून कापतात. वीसेक मिनिटांचं काम. थोडा वेळ बसून माणूस चालत घरी जातो. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर सायकल आणि ओझी टाळायची. स्त्रीच्या ऑपरेशनमध्ये मात्र पोट उघडावं लागतं, दुर्बिणीने केलं तरी पोटात शिरावंच लागतं. उपाशीपोटी जायचं, भूल घ्यायची, टाके सांभाळायचे, आणि हे सगळं अनेकदा अंगावर पिणारं बाळ असताना. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच दिवशी ८३ स्त्रियांची ऑपरेशनं उरकली गेली, आणि त्यानंतर डझनाहून अधिक बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करायला सांगितलं ते उगाच नाही.

'अशक्तपणा येतो, जड काम होत नाही, मर्दानगी जाते' ही भीती आजही ऐकू येते. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची दहशत तिच्यामागे आहे, म्हणून भिणाऱ्याला हसू नये. पण शुक्रवाहिनी बांधल्याने हार्मोन बदलत नाहीत, ताकद कमी होत नाही, संबंधही पूर्वीसारखेच राहतात.

पुरुषाच्या ऑपरेशनची एक अट मात्र कटाक्षाने पाळायला हवी. ते लगेच लागू पडत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करायची, आणि शुक्रजंतू नाहीत असा रिपोर्ट हातात आल्यावरच निर्धास्त व्हायचं. तपासणी टाळली आणि दिवस गेले, तर संशय बायकोवर घेतला जातो. चूक त्याच्या आळसाची, बदनामी तिची.

तिचंच ऑपरेशन सोयीचं, असंही कधी असतं. सिझेरियन होणारच असेल आणि तिने आधीच शांतपणे ठरवलेलं असेल, तर वेगळा खटाटोप वाचतो. कळा सुरू असताना मात्र तिच्यापुढे कागद सरकवू नये. शिवाय ऑपरेशन फसलंच, तर गर्भ नळीत अडकण्याचा धोका असतो. पाळी चुकल्यास लगेच दाखवायचं. दोन्ही ऑपरेशनं कायमचीच समजून करावीत. मन डळमळत असेल तर तूर्त तांबी बसवा. काही प्रकार दहा वर्षं टिकतात.

गर्भपात ज्यांच्या सदसद्विवेकाला पटत नाही, त्यांच्यावर तर ही जबाबदारी दुप्पट आहे असं मला वाटतं. नको असलेली गर्भधारणा टाळण्याचा वाटा उचलायचा नाही आणि तिच्यावर वेळ आली की पाप-पुण्य सांगायचं, हे न्यायाचं नाही. गर्भपातासाठी गर्भनिरोधक फसल्याचं कारण आपला कायदा १९७१ पासून मान्य करतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ते विवाहितेपुरतं ठेवलेलं नाही. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. 'ऑपरेशन करून घेणार असाल तरच पिशवी साफ करू' असं कोणी म्हटलं, तर तशी अट कायद्यात नाही हे ठामपणे सांगा.

माझं मत विचाराल तर, कुटुंब पूर्ण झालेलं असेल, दोघांची तब्येत धड असेल, तर नवऱ्याने पुढे व्हावं. नऊ-नऊ महिने दोनदा तिने काढलेत. पण 'तू कर' असा हुकूम त्यालाही नको. नसबंदीला जोडीदाराची सही लागत नाही, ज्याचं शरीर त्याची संमती. दोघांनी मिळून सरकारी दवाखान्यात जा, आशाताईंना सोबत घ्या, आणि तपासणीची तारीख त्याच दिवशी केसपेपरवर लिहून घ्या.