लीडचं पॅकेज, डिजिटलवाला मुलगा की आपलं आपण?

डोंबिवलीत माझं घरगुती केटरिंग आहे. बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत; वीस ते ऐंशी पानं. गेल्या वर्षी एका ऑनलाइन कंपनीचं लीडचं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकश्या विकत घ्यायचं, पॅकेज घेतलं आणि हात पोळले. तुम्ही त्याच विचारात असाल तर माझ्या वहीतला हिशोब बघा.

पॅकेज महिना ३,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. आमच्या ५ टक्के जीएसटीवाल्या केटरिंगला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे हा भरलेला कर आमच्या करातून वजा होत नाही; ३,५४० सरळ खिशातून. तीन महिन्यांत ४१ लीड, ऑर्डरी दोन. एका ऑर्डरीमागे पाच हजारांवर खर्च, त्यातली एक तर तीस पानांची! लीड खोट्या नव्हत्या, तेवढं कबूल. पण एकदा पुरणाची डाळ शिजत असताना गॅस बारीक करून फोन लावला, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, “अहो, दहा मिनिटांत तुम्ही पाचव्या. पानाचा रेट तेवढा सांगा.” एकच चौकशी पाच जणांना विकलेली! सेल्सवाल्याने हे सांगितलं नव्हतं. ऑटो-डेबिटच्या मॅन्डेटवर, म्हणजे खात्यातून दर महिन्याला पैसे आपोआप कापायच्या परवानगीवर, सही मात्र आठवणीने घेतली. बंद करायला कंपनी दाद देईना, शेवटी बँकेत जाऊन मॅन्डेट रद्द केला.

ओळखीतला डिजिटलवाला, म्हणजे ऑनलाइन जाहिराती लावून देणारा, मुलगा त्यामानाने बरा. त्याची फी वेगळी, गूगलच्या जाहिरातीचे पैसे वेगळे, आणि तिथे क्लिकचे पैसे लागतात, ऑर्डरचे नव्हे. चौकशी तुमच्या एकट्याकडे येते, हा मोठा फरक. फक्त जाहिरातीचं खातं आणि वेबसाइटचं डोमेन (म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता) स्वतःच्या नावावर घ्या. माझ्या भाच्याचं त्या मुलाशी बिनसलं, तेव्हा दोन वर्षांचं सगळं त्याच्याच जीमेलमध्ये अडकलं.

आपलं आपण करायचं तर गूगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. घरून काम करणाऱ्यांना पत्ता लपवून नुसता परिसर दाखवता येतो. मदतीला कोणी घेतलंत तर त्याला ‘व्यवस्थापक’ करा, ‘मालक’ नको. जोडीला व्हॉट्सॲप बिझनेस: कॅटलॉगमध्ये ताटांचे फोटो, आणि एकच निरोप एकदम अनेकांना धाडायच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो, म्हणून डबे परत घेताना मी आधी नंबर सेव्ह करून घेते. पहिले दोन महिने शुकशुकाट होता. रिव्ह्यू मागायला जीव लाजतो, पण मागावेच लागतात.

केटरिंग, शिवणकाम, मेंदी अशी चवीवर किंवा हातावर चालणारी कामं असतील तर मी पॅकेजच्या वाटेला जाणार नाही. प्लंबिंग, एसी दुरुस्ती यांचं वेगळं: तिथे गिऱ्हाईकाला आत्ताच्या आत्ता माणूस हवा असतो, जो पहिला फोन करेल त्याला काम. त्यांनी पॅकेज तीन महिने घेऊन बघावं, पण एक लीड किती जणांना जाते ते लेखी घेऊन, आणि पैसे मॅन्डेटशिवाय भरून.