इन्स्टॉलेशन गाइड ठेवायचं कुठं: विकीवर की कोडसोबत?

समजा दारव्ह्याच्या किंवा मेहकरच्या कॉलेजातली चार पोरं आणि एक सर मिळून ग्रंथालयासाठी, नाहीतर शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन-खरेदीच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर तयार करतात. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, खुला ठेवतात. शेजारच्या तालुक्यातले लोक ते मागू लागतात. मग ते बसवायचं कसं हे लिहायचं कुठं, आणि लिहिलेलं ताजं ठेवायचं कसं? वाटा तीन दिसतात: व्हिडिओ, विकी (ब्राउझरमधूनच दुरुस्त करता येणारी पानं) आणि कोडच्याच रेपोमधली, म्हणजे कोड ठेवलेल्या साठ्यातली, फाइल. मी रेपोच्या बाजूचा आहे. त्याची कारणं इथं मांडतो, म्हणजे तुम्हाला तुमचं ठरवता येईल.

व्हिडिओचं आधी उरकू. नव्या माणसाला तो सोपा वाटतो हे खरं, पण एक कमांड बदलली की अख्खा व्हिडिओ जुना होतो. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलून टाकता येत नाही. नवा चढवला की लिंक नवी, आणि व्हॉट्सॲप ग्रुपांत जुनीच फिरत राहते. व्हिडिओ करायचाच असेल तर सॉफ्टवेअर वापरायचं कसं याचा करा.

विकीची बाजू भक्कम आहे. ब्राउझर उघडला, दोन ओळी दुरुस्त केल्या, झालं. कोणाच्या परवानगीसाठी थांबायला नको. आर्च लिनक्सचा विकी इतका चांगला आहे की दुसऱ्या डिस्ट्रोचे, म्हणजे लिनक्सचे दुसरे प्रकार वापरणारे, लोकही तिथं उत्तरं शोधतात. पण त्यामागं जगभरच्या वापरणाऱ्यांचे हात आहेत. पाच जणांच्या प्रकल्पात विकी म्हणजे ज्याची आठवण कोणालाच राहत नाही असं पान. परीक्षा आल्या, सोंगणी आली, की महिनोन्‌महिने तिकडं कोणी फिरकत नाही.

खरा फरक कळायला गाइड जुनं कशामुळं होतं ते पाहावं लागतं. पहिलं कारण आपण स्वतः: कोडमध्ये कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलचं नाव बदललं, गाइडमध्ये बदलायचं राहिलं. गाइड रेपोमध्ये असेल तर सरळ नियम करता येतो: बसवण्याची रीत बदलणारी पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) गाइडच्या दुरुस्तीशिवाय घ्यायची नाही. तपासणाऱ्याला दोन्ही बदल एकाच जागी दिसतात. गिटहबचा विकी आतून गिटच (बदलांची नोंद ठेवणारं साधन) आहे, पण तो वेगळा रेपो असतो आणि त्यावर पुल रिक्वेस्ट करता येत नाही. म्हणून तिथं हा नियम पाळून घेणं केवळ आठवणीवर राहतं.

दुसरं कारण बाहेरचं, आणि जास्त त्रास तेच देतं. आपण कोडच्या एका अक्षराला हात लावला नाही तरी गाइड मोडतं. डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, तेव्हापासून तिथं नुसतं पिप इन्स्टॉल (पायथनची पॅकेजं बसवायची कमांड) केलं की सिस्टीम अडवते आणि आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या पॅकेजांसाठी वेगळा कप्पा, करायला सांगते. उबुंटू २४.०४ वरही तेच. डॉकर-कंपोज या, सॉफ्टवेअरचे भाग एकत्र चालवायच्या साधनाची पहिली आवृत्ती जुलै २०२३ नंतर थांबली. आता कमांडमधली आडवी रेघ काढून तिथं जागा सोडावी लागते. जुन्या गाइडमधली रेघ तशीच राहते, आणि तिकडून फोन येतो, "भाऊ, तुमच्या कागदात लिहेल हाय तसं होऊनच नाही राह्यलं." त्या माणसाचं काही चुकलेलं नसतं.

याला उपाय एकच: गाइडमधल्या कमांड कोऱ्या मशीनवर पुन्हापुन्हा चालवून पाहणं. गाइड रेपोमध्ये असेल तर हे काम गिटहब ॲक्शन्सकडून (कामं आपोआप चालवणाऱ्या गिटहबच्या सेवेकडून) करून घेता येतं, आणि खुल्या रेपोंसाठी त्यांची साधी मशीनं फुकट आहेत. गाइडमधल्या कमांड उचलून दर आठवड्याला चालवणारी फाइल लिहून ठेवा. दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. खुल्या रेपोत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रकावरचं काम गिटहब आपोआप बंद करतं. सुट्ट्यांनंतर ते हातानं चालू करावं लागतं. आणि ही चाचणी म्हणजे खरं मशीन नव्हे. शाळांतले जुने ३२-बिट संगणक तिथं नसतात, आणि उबुंटूनं ३२-बिट डेस्कटॉपची इमेज १७.१० पासून देणं बंद केलं आहे. कोणत्या मशीनवर चालेल ते गाइडच्या पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे माणसाचा अर्धा दिवस वाया जाणार नाही.

आपल्या भागात मला आणखी एक कारण सगळ्यात मोठं वाटतं. मेळघाटातल्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा पेनड्राइव्हवर सॉफ्टवेअर पोचतं. बसवताना नेट असेलच असं नाही. रेपोमधलं गाइड झिपसोबतच येतं, आणि त्याच आवृत्तीचं येतं. ज्याच्याकडं दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती आहे त्याला दोन वर्षांपूर्वीचंच गाइड लागतं. विकी त्याच्यासमोर आजचं पान ठेवतो.

मराठी गाइडचाही विचार आत्ताच करा. स्फिंक्सवर (गाइडची पानं तयार करायच्या साधनावर) भाषांतर करताना मूळ इंग्रजी वाक्य बदललं की त्याचं जुनं मराठी गळतं आणि बदललेलं इंग्रजी दिसतं. ते अर्धवट दिसतं, पण खोटं सांगत नाही. साध्या विकीवरचं जुनं मराठी पान मात्र निर्धास्तपणे चुकीची कमांड सांगत राहतं.

गिट न येणाऱ्यांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. गिटहबवर पेन्सिलचं चिन्ह दाबून ब्राउझरमधूनच पुल रिक्वेस्ट पाठवता येते. तेही नको असेल तर फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर चूक कळवू द्या, आणि आपल्यातल्या एकानं तिची दुरुस्ती त्याच दिवशी कमिट करावी, म्हणजे रेपोत नोंदवावी. ग्रंथपालाला गिट शिकायला लावू नका.

विकी एका कामासाठी राहू द्या: अमुक बारकोड स्कॅनर कसा चालला, तमुक प्रिंटरनं काय त्रास दिला, असे अनुभव. ते आवृत्तीशी बांधलेले नसतात आणि ज्याला आले त्यानंच लिहिलेले बरे. आधीपासून विकीवरच गाइड असेल तर मजकूर रेपोत हलवा, पुढच्या रिलीजआधी कोऱ्या मशीनवर एकदा पूर्ण चालवून पाहा, आणि विकीचं पान पुसण्याऐवजी तिथं नव्या जागेची लिंक ठेवा. जुन्या लिंका लोकांच्या वह्यांत लिहिलेल्या असतात.