खिडकीत टांगायला होया की लिपस्टिक?

घरात फुलणारी, टांगत्या कुंडीतून खाली लोंबणारी वेल घ्यायची म्हटलं की निवड बऱ्याचदा या दोघींवर येऊन थांबते. माझ्याकडे दोन्ही आहेत, पूर्वेच्या एकाच खिडकीत.

होया रुईच्या कुळातली. देठ मोडला की तसाच पांढरा चीक येतो. इंग्लंडमधल्या टॉमस हॉय या माळ्याच्या नावावरून तिचं नाव पडलं, पण तिची एक बहीण आपल्या सह्याद्रीतही रानात वाढते. पानं जाड, पाणी धरून ठेवणारी, त्यामुळे आठवडाभर गावी गेलात तरी तिचं काही बिघडत नाही. पाणी घालण्याआधी एक पान हलकेच दुमडून बघायचं. ताठ असेल तर थांबायचं, मऊ पडून वाकलं तर घालायचं.

लिपस्टिकचं असं नाही. ती मलाया-जावाकडच्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. मातीचा वरचा थर सुकला की तिला पाणी लागतं, आणि हवेतही ओल लागते. मुंबई-कोकणात ती खुशीत असते. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या झोतात पानं गाळते. कुंडीत पाणी साचलं तरीही पानंच गाळते, म्हणून पानगळ दिसली की लगेच पाणी ओतू नका. आधी मातीत बोट खुपसून बघा.

फुलांची घाई असेल तर लिपस्टिक घ्या. वेलीच्या शेंड्यांना गडद तांबूस-जांभळ्या नळ्या धरतात आणि त्यांतून लाल कळी हळूहळू वर सरकते. दिसायला फार देखणी, पण वास नाही. होया दोन-तीन वर्षं सहज थांबायला लावते. मग एके संध्याकाळी मेणात घडवल्यासारख्या गुलाबी-पांढऱ्या चांदण्यांचा गुच्छ उमलतो, प्रत्येकीच्या मध्ये एक छोटी लाल चांदणी, तिच्यावर मधाचा थेंब. अंधार पडला की खोली गोड वासाने भरते. माझं मन होयाकडे झुकतं ते या रात्रींसाठी.

खरा फरक कात्रीचा. लिपस्टिकचा बहर संपला की वेली तिसऱ्या हिश्शाने छाटा. नव्या फुटव्यांना पुन्हा कळ्या येतात. होयाला मात्र हात लावू नका. पहिला गुच्छ गळल्यावर उरलेला बोटभर देठ वाळका समजून मी कापला होता. पुढची फुलं त्याच देठावर येतात हे नंतर कळलं, आणि ते वर्ष फुलांविना गेलं. तिची बिनपानांची लांब दोरीसारखी वेलही तशीच राहू द्या, पानं मागाहून फुटतात.

माती दोघींना भुसभुशीत लागते: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके पांढरे खडे), थोडे कोळशाचे तुकडे. अंधाऱ्या कोपऱ्यात दोघीही फुलत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम. होयाच्या पेरांत पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीड, बसतो, तेव्हा पानांच्या बेचक्या अधूनमधून बघत जा आणि दिसला की निंबोळी तेल फवारा.

तर हवा दमट आणि रोज कुंडीकडे लक्ष द्यायला वेळ असेल तर लिपस्टिक; हवा कोरडी, खिडकी उजेडाची आणि प्रवास वरचेवर होत असेल तर होया. होया घेताना पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं एकच पान खोचलेली छोटी कुंडी तेवढी घेऊ नका. ते पान वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण त्याला डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा, नसेल तर वेल कधीच फुटत नाही. दोन-तीन पेरं असलेलं रोप मागून घ्या.